पुस्तकातली बस

पांढरकवड्याच्या बसस्थानकावर चौकशीची एक खिडकी आहे. त्या खिडकीशी जाऊन तुम्ही "वणीची गाडी कधी येईल हो?" असं विचारलंत आणि आत मुनेश्वरभाऊ बसलेले असले, तर उत्तराआधी तुम्हाला एक नजर मिळेल. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघतात, तशी. मग ते दोन बोटं वर करतील.

"पह्यलं विधान. गाडी यवतमाळहून सुटली हाय, हे पक्कं. दुसरं विधान. ड्रायव्हर वाटेत चहाले थांबला का नाई, हे मले माहीत नाई. पह्यलं एकटं सफिशियंट नाई, दुसरं हाती नाई. म्हनून उत्तर निघत नाई. बसा."

लोक बसतात. दुसरं करणार काय? एकदा एक म्हातारी टोपलीत दोन कोंबड्या घेऊन आली होती. तिनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पंख्याखाली बसू का भाईर बसू?" मुनेश्वरभाऊंनी वर पाहिलं, क्षणभर विचार केला आणि समाधानानं म्हणाले, "याले माहिती पुरते, माय. पंखा बंद हाय."

देविदास मुनेश्वर हे वाहतूक नियंत्रक आणि माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि ती फार जाड नाही, त्यामुळे त्यांच्या घरातलं निम्मं आयुष्य मी आपसूक जगतो. माणूस उंच, किडकिडीत, पन्नाशी ओलांडलेला. चेहरा असा की आत्ताच काहीतरी विसरल्याचं आठवलं आहे, पण काय विसरलं ते आठवत नाही. घराला कुलूप लावलं की ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात, परत येऊन पुन्हा ओढतात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सारी वस्ती बेभान नाचते. हे खिशात मीठ-साखरेच्या पुड्या आणि हातात पाण्याचा कॅन घेऊन कडेकडेनं चालतात आणि कोण लाल झालं, कोण पांढरं पडलं यावर डोळा ठेवतात. सुनंदावहिनी म्हणतात, "ह्यायले काळजी करायले काही नसलं, तं त्याची काळजी वाटते."

आता ही 'विधानं' आली कुठून, ते सांगतो.

त्यांना एकच मुलगी. प्रज्ञा. यवतमाळला बी.कॉम. झाली, वर्गात पहिली आली, आणि तिनं ठरवलं की एमबीए करायचं. तेही कुठल्या तरी मोठ्या, नावाजलेल्या संस्थेत. त्यासाठी एक प्रवेश परीक्षा असते, संगणकावर. त्या परीक्षेत गणिताचा एक विचित्र प्रकार येतो. प्रश्न देतात, खाली दोन विधानं देतात आणि म्हणतात, उत्तर काढू नका. फक्त एवढंच सांगा, की उत्तर काढायला ही माहिती पुरेशी आहे का? पहिलं विधान एकटं पुरतं, की दुसरं एकटं, की दोन्ही मिळून लागतात, की कुठलंही एक चालतं, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत? मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी खूष झालो. उत्तर न काढता मार्क देणारी परीक्षा माझ्या तरुणपणी असती तर मी आज इतिहासाचा मास्तर नसतो.

पण प्रज्ञाचं नेमकं इथंच अडायचं. घरी ती हे प्रश्न शेंगा सोलाव्यात तसे सोडवायची. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र बर्फ व्हायची. बारावीला गणिताच्या पेपरात असं एकदा झालं होतं, तेव्हा सगळ्यांनी उन्हावर ढकललं. मागच्या वर्षी नागपूरला या परीक्षेत पुन्हा तेच. पहिल्याच प्रश्नाला पुरेशी म्हणावं की अपुरी म्हणावं हे ठरेना. हात गार पडले, माऊस धरवेना, आणि तो सगळा भाग संपेपर्यंत ती पहिल्या प्रश्नाकडेच बघत राहिली. बाहेर आली ती पांढरीफटक. "बाबा, मी पह्यल्याच प्रश्नावर बसली," एवढंच म्हणाली.

मुनेश्वरभाऊ तेव्हा गेटबाहेर इतर पालकांबरोबर उभे होते. त्यांना ते फार लागलं. पुढे कितीतरी दिवस ते मला गाठून एकच वाक्य म्हणायचे. "सर, मी भाईर फुटाने खाऊन राह्यलो होतो, अन् पोरगी आत बर्फ होऊन राह्यली होती." जणू त्या फुटाण्यांनीच घात केला.

वहिनी कष्टाळू आणि सरळ बाई. त्यांनी घरात जाहीर केलं की आणखी एक वर्ष, एकदाच. त्यानंतर दारव्ह्याच्या मावशीनं आणलेल्या स्थळाला त्या नाही म्हणणार नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं. पोरगी प्रत्येक परीक्षेनंतर आठवडाभर जेवत नाही, हे बघणं कुठल्या आईला जमतं? तेव्हा सगळा खेळ आता एका परीक्षेवर आला, आणि ती परीक्षा एका खोलीत होणार होती, जिथं बापाला जाता येत नव्हतं.

बापानं मग पुस्तक हातात घेतलं.

त्यांच्या ओसरीवर रोज सकाळी बापलेकीचा वर्ग भरू लागला. मी भिंतीपलीकडे दाढी करायचो आणि ऐकायचो. पुस्तक इंग्रजीत, ती वाचायची आणि मराठीत सांगायची. पहिल्याच आठवड्यातला एक प्रश्न मला अजून आठवतो, कारण तो ऐकताना माझी दाढी अर्धी राहिली.

प्रज्ञानं वाचलं: एका बसला अ गावाहून ब गावाला जायला चार तास लागतात. बसचा सरासरी वेग किती? विधान एक, दोन गावांमधलं अंतर दोनशे किलोमीटर आहे. विधान दोन, बसमध्ये चाळीस प्रवासी आहेत.

आता हे तुम्हालाही कळतं, मलाही कळलं. पहिलं विधान पुरतं. दुसरं नुसतं गोंधळात टाकायला आहे. मुनेश्वरभाऊंनी मात्र प्रश्न पुन्हा एकदा वाचायला लावला. मग त्यांचा आवाज आला, "थांबे किती?"

"बाबा, थांबे दिले नाईत."

"थेच म्हनतो मी. थांबे दिले नाई, मंग वेग कसा सांगाचा? अन् चाळीस प्रवासी म्हनजे सीटा भरल्या. आता वाटेत हात दाखवला तं ड्रायव्हर थांबन का नाई थांबन?"

"बाबा, ही पुस्तकातली बस हाय. थे थांबत नाई."

"थांबत नाई, तं चाळीस लोक चढले कुठून?"

मी साबणासकट खिडकीशी गेलो. प्रज्ञा कपाळाला हात लावून हसत होती आणि मुनेश्वरभाऊ हसत नव्हते. त्यांना खरोखरच त्या चाळीस जणांची चिंता लागली होती. तिनं मग त्यांना समजावलं, आणि फार चांगलं समजावलं. म्हणाली, जेवढं कागदावर दिलं तेवढंच आपलं. मनातून एकही गोष्ट आणायची नाही. तुम्ही तीस वर्षांचे सगळे थांबे घेऊन प्रश्नात शिरता, म्हणून अडता. मुनेश्वरभाऊंनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नात दुधात पाणी किती हे विचारलं होतं, तर दूध गाईचं की म्हशीचं असं विचारलं.

अशी त्यांची शिकवणी चालली. आणि शिकलेली गोष्ट वापरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, त्यामुळे सगळ्या पांढरकवड्यात विधानं सुटली. न्हाव्याच्या दुकानात, भाजीच्या बाजारात, बुद्धविहाराच्या बैठकीत. दारव्ह्याची मावशी स्थळाची माहिती घेऊन आली तेव्हा मीही चहाला होतो. मावशी म्हणाली, मुलगा नोकरीला आहे. मुनेश्वरभाऊंनी एक बोट वर केलं. मावशी म्हणाली, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. दुसरं बोट वर झालं. मग दोन्ही बोटांकडे आळीपाळीनं बघत ते म्हणाले, "ताई, दोन्ही विधानं चांगली हायत. पन प्रश्न काय हाय? प्रज्ञाचं लग्न कराव का? तं प्रज्ञाले काय वाटते, हे यायच्यात कुठंच नाई. दोन्ही मिळून सफिशियंट नाई." मावशीनं चहा अर्धा ठेवला. वहिनींनी नवऱ्याकडे असं पाहिलं की मी माझा चहा एका दमात संपवला.

पण भिंतीपलीकडून मला दुसरंही ऐकू यायचं. प्रज्ञा घड्याळ लावून एकटी सराव करायला बसली, की पहिल्या प्रश्नाला तिचा श्वास बदलायचा. खुर्ची करकरायची. मग पाण्याचा पेला उचलल्याचा आवाज. मुनेश्वरभाऊ दाराबाहेर चपला हातात घेऊन उभे असायचे, वाजू नयेत म्हणून. मी खिडकीतून खुणेनं विचारायचो, काय? ते खुणेनंच सांगायचे, बसली.

एक दिवस ते माझ्याकडे आले. दार लावून घेतलं. आजूबाजूला पाहिलं. मला वाटलं बँक लुटायची योजना आहे.

"सर, हॉलमधी पालकाले मनाई हाय."

"आहे."

"परीक्षा देनाऱ्याले मनाई हाय का?"

मला कळायला जरा वेळ लागला. त्यांनी चौकशी पुरी केली होती. वयाची अट नाही. पदवी लागते, ती त्यांच्याकडे होती, मुक्त विद्यापीठाची, नोकरी सांभाळून केलेली. त्यांनी स्वतःचं नावही परीक्षेला घातलं होतं, शहर तेच निवडलं होतं, आणि आता मी हे कुणाला सांगायचं नव्हतं. "मी काई करनार नाई. चूप बसन. फक्त तिनं मान वर केली तं मी दिसलो पाह्यजे."

मी अर्थातच दुसऱ्या दिवशी वहिनींना सांगितलं. इतकी चांगली गोष्ट पोटात ठेवणं माझ्या प्रकृतीला झेपत नाही. वहिनी आधी ओट्याला टेकल्या, मग हसत सुटल्या, मग डोळे पुसले. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "लोक पोरीले कॉलेजात घालते. तुम्ही सोताच निघाले. वसतिगृहात राहान का घरून येजा करान?"

प्रज्ञा मात्र हसली नाही, चिडली. म्हणाली, तुम्ही तिथं असाल तर मला तुमचीच काळजी लागेल. पण नाव तर गेलं होतं. तिनं मग अट घातली: नुसतं बसायला यायचं नाही. यायचं तर अभ्यास करून यायचं. कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसलेला बाप मला दिसला तर मी उठून बाहेर येईन.

त्यानंतर जो अभ्यास झाला तो मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही. रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर सराव परीक्षा व्हायची. मी पर्यवेक्षक. ही भूमिका मी जीव ओतून केली. दोघांची झडती घेतली, मुनेश्वरभाऊंच्या खिशातून सापडलेली बडीशेप जप्त करून खाल्ली, इकडे तिकडे पाहिल्याबद्दल त्यांना दोनदा ताकीद दिली. कारण ते सारखे तिच्याकडेच बघायचे. तिचा श्वास अडकला की यांचा पेन थांबायचा. आणि गंमत अशी की तिचं अडणं कमी होत होतं. तिला दर प्रश्न आधी बापाला समजावून सांगावा लागायचा, आणि बापाला जे समजतं ते जगात कुणालाही समजेल. हळूहळू तिचा आवाज एखाद्या मास्तरणीसारखा झाला. पण ते ओसरीवर. हॉलचं कुणी सांगावं?

मग प्रवेशपत्रं आली. बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. केंद्र एकच, नागपूरच्या बाहेरचं एक कॉलेज. दिवस एकच. मुनेश्वरभाऊंनी माझा हात दाबला. दुकानदारानं दोन्ही कागद छापून दिले. प्रज्ञानं आपला वाचला, मग त्यांचा वाचला, आणि दोन्ही त्यांच्या हातात दिले.

तिची परीक्षा सकाळच्या सत्रात. त्यांची दुपारच्या.

ती आत असणार तेव्हा हे बाहेर, आणि हे आत असणार तेव्हा ती बाहेर. दुकानाच्या बाकावर ते बसले ते उठेचनात. मी माझ्या परीनं धीर दिला, निदान दोघांचा प्रवास एका गाडीत होईल वगैरे. त्यांनी दोन बोटंही वर केली नाहीत. दोन्ही कागद एकावर एक ठेवून नुसते बघत राहिले. वेळा जुळवायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी माझ्या गाडीतून त्यांना नागपूरला नेलं. उजाडता उजाडता निघालो. वहिनींनी तिघांचे डबे दिले, प्रज्ञाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला सांगितलं की पोरीला रस्त्यात काही विचारू नका. वडकीपर्यंत त्यांनी ते पाळलं. तिथून पुढे त्यांनी मला विचारायला सुरुवात केली: टायरात हवा आहे का, डिझेल किती आहे, उजवीकडचा ट्रक झुकल्यासारखा दिसतो का. मागच्या सीटवर प्रज्ञा डोळे मिटून बसली होती. आरशात मला तिचे हात दिसत नव्हते. ते तिनं मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

गेटवर ती मागे न बघता आत गेली. तिच्यामागे लोखंडी सरकतं दार ओढून घेतलं गेलं, आणि बाहेर उरलो आम्ही पालक. अशी गर्दी तुम्ही पाहिली असेल. कुणी रुमाल टाकून बसतं, कुणी फोनवर बोलतं, कुणी नुसतं त्या इमारतीकडे बघतं, जणू भिंतीतून काही दिसेल. मुनेश्वरभाऊ तिसऱ्या प्रकारचे. फुटाणेवाला आला, त्याला त्यांनी असा हात केला की तो बिचारा रस्ता ओलांडून गेला.

"सर, आता कोनत्या प्रश्नावर असन थे?"

"मला कसं कळणार?"

"अंदाजे."

मी अंदाजे सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. असं करत मी तिची सगळी परीक्षा बाहेरच घेतली. शेवटी शेवटी मलाही माझ्या आकड्यांवर विश्वास बसू लागला होता. ऊन वर आलं. एका आईला घेरी आली. मुनेश्वरभाऊंच्या खिशातून मीठ-साखरेची पुडी निघाली. मी म्हटलं, बघा, तुमचा उपयोग झाला. ते म्हणाले, "भाईर उपयोग होऊन काय फायदा?"

दार सरकलं. पोरं बाहेर येऊ लागली. प्रज्ञा दिसली तेव्हा आम्ही दोघंही आधी तिच्या चेहऱ्याचा रंग बघत होतो. रंग होता.

ती जवळ आली आणि म्हणाली, पहिला प्रश्न उघडला आणि हात गार पडायला लागले. आता पुन्हा तेच, असं वाटलं. "मंग मले तुमचा आवाज आला, बाबा. 'थांबे किती?' म्हनून. मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा, ही पुस्तकातली बस हाय. अन् मले तिथं हसूच आलं. मॅडमनं पाह्यलं माह्याकडं. मंग सुटली मी."

तिचं पुढे काय झालं, हे इथंच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. तिला पुण्याला प्रवेश मिळाला. ती आता तिथंच शिकते आणि दर रविवारी फोनवर बापाला दमात घेते. दारव्ह्याच्या मावशीनं ते स्थळ दुसरीकडे लावलं आणि तिथं सगळं छान चाललं आहे.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. मुनेश्वरभाऊंनी मुलीचे दोन्ही हात धरून ते गरम आहेत याची खात्री केली आणि म्हणाले, "चला. घरी जाऊ."

"घरी?" प्रज्ञा म्हणाली. "तुमचा पेपर हाय, बाबा."

त्यांनी समजूत घालून पाहिली. ज्यासाठी नाव घातलं ते काम झालं. आता आत जाऊन काय करू? पण ती हलेना. इतक्या रविवारी मी घसा फोडला तो काय उगाच, म्हणाली. शेवटी आम्ही झाडाखाली डबे खाल्ले, आणि दुपारच्या सत्राच्या रांगेत, विशीतल्या पोरापोरींच्या मधोमध, पांढऱ्या केसांचे मुनेश्वरभाऊ उभे राहिले.

गेटवरच्या माणसानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. "अंकल, पालक भाईर."

त्यांनी प्रवेशपत्र पुढे केलं. त्यानं फोटो पाहिला. त्यांना पाहिलं. पुन्हा फोटो. मग कुणाला तरी बोलावून आणलं. त्यानंही तेच केलं. मागं रांग खोळंबली. मला वाटलं हे दोघे मिळूनही निर्णयाला येत नाहीत. अखेर त्यांचं घड्याळ, पट्टा, खिशातल्या पुड्या, सगळं काढायला लावलं आणि आत सोडलं. घड्याळ त्यांनी प्रज्ञाकडे दिलं, बाकीचं माझ्याकडे. पॅन्ट एका हातानं वर धरून ते दारातून गेले, आणि गेल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं.

आता प्रज्ञा पालकांत उभी राहिली. थोडा वेळ ती हसत होती. मग तिनं मला विचारलं, बाबांनी बीपीची गोळी घेतली होती का? एसीत त्यांना थंडी वाजते, स्वेटर तर गाडीतच राहिला. मग म्हणाली, "काका, आता कोनत्या प्रश्नावर असतीन ते?" मी हिशोब सुरू करणार होतो, पण तिचा चेहरा बघून नुसतं म्हटलं, पुढे गेले असतील. तिनं ते घड्याळ दोन्ही हातांत धरलं होतं.

परीक्षा संपली. मुलं बाहेर येऊ लागली, ओळखीचे चेहरे शोधू लागली. आमचा चेहरा काही येईना. प्रज्ञा टाचा उंच करून बघत होती. मग ते दिसले. घाईघाईनं, पॅन्ट धरून. पण ते आमच्याकडे आलेच नाहीत. आमच्यावरून नजर गेली आणि पुढे पालकांच्या गर्दीकडे वळली. गर्दीसमोर उभं राहून, बसस्थानकावर वापरतात त्या आवाजात ते म्हणाले, "हिरव्या ओढणीवाल्या पोरीचे वडील कोन हाय?"

गर्दीतल्या माना वळल्या. मागच्या बाजूला भिंतीला टेकून एक माणूस उभा होता, त्याचा हात अर्धा वर आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. 

मुनेश्वरभाऊ त्याच्याजवळ गेले. "काई झालं नाई. चांगली हाय. माह्या बाजूलेच होती." मग त्यांनी आवाज खाली आणला. आम्ही तोपर्यंत जवळ पोचलो होतो. "पह्यल्यांदा तिनं माऊसले हातच नाई लावला. नुसती पाहून राह्यली होती. मी मॅडमले हात वर केला, मले पानी पाह्यजे म्हटलं, अन् हिलेबी द्या. मॅडम माह्यावर चिडली, काका, आपल्या स्क्रीनकडं पाहा म्हने. पन पानी देल्लं. पोरीनं पेलं. मंग लागली कामाले. शेवटपर्यंत थांबली नाई. मी पाहून होतो."

तो माणूस त्यांच्याकडे बघत होता. मुनेश्वरभाऊंनी आतून बातमी आणली होती, जी गेटबाहेर उभ्या असलेल्या कुठल्याच बापाला कधी मिळत नाही. त्यानं हात पुढे केला, मग थांबला, कारण हाताची मूठ बंद होती. ती त्यानं उघडली. आत केसांच्या पिना होत्या, काळ्या, पोरीनं गेटवर काढून दिलेल्या. तळव्यावर त्यांचे वळ उठले होते.

मुनेश्वरभाऊंनी त्या पाहिल्या.

"येऊन राह्यली थे," ते म्हणाले. "पेपर कसा गेला हे इचारू नका. पह्यले पिना देजा."

हिरव्या ओढणीवाली मुलगी गर्दीतून आली. बापानं तळवा पुढे केला आणि खरंच काही विचारलं नाही. तिनं एक पीन दातांत धरली, दोन्ही हातांनी केस मागे घेतले, आणि पीन दातांत असतानाच बोलायला लागली.

मुनेश्वरभाऊ तिथून सरकले आणि आमच्याजवळ येऊन उभे राहिले. थकलेले दिसत होते. त्यांचा स्वतःचा पेपर कसा गेला असेल, हे मला तरी त्यांच्याकडे बघून कळत होतं. मी काहीतरी थट्टेचं बोलायला तोंड उघडलं. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं.

तिनं त्यांचा हात हातात घेतला, घड्याळ मनगटावर चढवलं आणि त्याचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढून नीट बांधला. तिनंही काही विचारलं नाही.